अपील नसताना

आमच्या तासगावात कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही, असं जर तुम्हांला कुणी सांगितलं तर तो गृहस्थ तासगावचा नाही असं खुशाल समजा. इथं ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो. दोर लावून तो काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत ओढत नेतात आणि परत आणतात. ओढणारे शेकड्यांनी असतात, पण "डावीकडं घ्या, डावीकडं!" असं ओरडून सांगणारे त्यांच्या दुप्पट, आणि त्यांतल्या एकाचाही हात दोराला लागलेला नसतो. द्राक्षाची छाटणी कधी घ्यावी हे बागाईतदाराला रस्त्यानं जाणारा शिंपी सांगतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, हे मला पहिल्यांदा न्हाव्यानं सांगितलं. अशा गावात जन्मून मी अशा एका कामाची परीक्षा दिली, की ज्यात विचारल्याशिवाय तोंड उघडायला नियमानंच बंदी आहे. मी क्रिकेटचा अंपायर झालो.

होण्यामागचं कारण काही उदात्त नव्हतं. क्रिकेट मी खेळत होतो, म्हणजे अकरावा खेळत होतो. सांगलीनं क्रिकेटला विजय हजारे दिले. १९१५ साली सांगलीत एवढा मोठा माणूस जन्मला, त्याची पुण्याई पंचवीसेक किलोमीटर चालत तासगावापर्यंत येईल अशी आम्हांला आशा होती. पण ती माधवनगरच्या पुढं काही आली नाही. आमच्याकडे बॅटिंग करणाऱ्या टीमनंच अंपायर पुरवायचा अशी पद्धत. सगळ्यांत शेवटी खेळणाऱ्याला तोवर दुसरा उद्योग नसतो, म्हणून पांढरा कोट माझ्या अंगावर. कोट कसला, शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना डगला तो. ॲसिड सांडून त्याच्या उजव्या खिशाला भोक पडलेलं. आपल्याच माणसाला आउट देणं म्हणजे घरभेदीपणा, हा त्या डगल्याबरोबर मिळालेला एकमेव नियम. हसू नका. मोठ्या क्रिकेटमध्येसुद्धा यजमान देशाचेच अंपायर असायचे. १९८६ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोरच्या कसोटीला पाकिस्ताननं आपले पिलू रिपोर्टर आणि रामस्वामी असे दोन भारतीय अंपायर बोलावले, तेव्हा केवढं नवल झालं होतं! तोवर जवळजवळ सगळं जग तासगावच होतं.

एका रविवारी माझ्या हातून तो घरभेदीपणा झाला. आमच्याच कॅप्टनला मी पायचीत दिलं. त्याचा पाय तिन्ही स्टंपांच्या पुढं पिंपळाच्या बुंध्यासारखा उभा होता. दुसरं काही देताच येईना. तो तडक माझ्यापाशी आला.

"नियम वाचलायस का?"

"नाही. तू वाचलायस?"

"मी कशाला वाचू? मी बॅट्समन आहे."

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. त्याच आठवड्यात मी सांगलीहून नियमांचं पुस्तक आणवलं आणि १९८४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मुलांना परीक्षेची भीती घालण्यात हयात गेलेला मी गणिताचा मास्तर स्वतः अंपायरच्या परीक्षेला बसलो.

नियम बेचाळीस. लंडनच्या एमसीसी नावाच्या क्लबनं पहिल्यांदा नियमावली केली ती १७८८ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी आमचे परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवर चालून गेले. त्या सामन्याला अंपायर नव्हते. पुस्तकातली भाषा मात्र थेट कोर्टातली. वाक्य सुरू होतं तेव्हा बॅट्समन आउट असतो, मध्ये दोन स्वल्पविराम येतात आणि पूर्णविरामापर्यंत तो नॉट आउट होतो.

अभ्यास घरीच चालायचा. ओव्हरचे सहा बॉल मोजायला अंपायर खडे वापरतात, कुणी नाणी वापरतात. मी तासगावचा, मी बेदाणे वापरले. एकेक बॉल पडला की एकेक बेदाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. पहिल्याच सराव सामन्यात दुसरी ओव्हर तीन बॉलांची झाली, कारण उजव्या खिशाचं भोक मी विसरलो होतो. बायकोनं खिसा शिवून दिला. पुढच्या सामन्यात ओव्हर पाच बॉलांची झाली. त्याचं कारण भोक नव्हतं, सकाळी मी नाश्ता केला नव्हता.

मग खुणा. लेग बायची खूण म्हणजे गुडघा उचलून त्याला हात लावायचा. आरशासमोर मी चार दिवस गुडघ्याला हात लावतोय हे पाहून आईनं काही न विचारता मोहरीचं तेल गरम करून आणलं. बायची खूण म्हणजे उघडा पंजा डोक्याच्या वर. ही मी चालता चालता विटा रस्त्यावर करून बघितली आणि एस.टी. थांबली. मी चढत नाही म्हटल्यावर कंडक्टरनं जे सांगितलं, तेही मी विचारलं नव्हतं.

परीक्षा पुण्याला, लेखी आणि तोंडी. लेखी पेपर मला उत्तम गेला. तोंडीला समोर एक वयस्क, सावळे, अतिशय शांत गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "बॅटची कड लागून झेल गेला. तुम्हांला स्वच्छ दिसलं, स्वच्छ ऐकू आलं. पण फील्डिंग करणाऱ्यांपैकी कुणीच अपील केलं नाही. काय कराल?"

"आउट देईन," मी म्हणालो.

"का?"

"आउट आहे म्हणून."

"तो आउट आहे की नाही, हे तुम्हांला कुणी विचारलं का?"

मी गप्प झालो. वर्गात मी बारा वर्षं अपिलाशिवायच आउट देत आलो होतो. फळ्याकडे तोंड करून उभा असताना मागच्या बाकावरच्या पोराला मी नुसत्या कुजबुजीवरून आउट दिलेलं आहे. आणि इथं हा माणूस मला सांगत होता की खरं काय ते ठाऊक असणं एवढ्यानं बोलण्याचा अधिकार येत नाही. तेव्हाचा सत्ताविसावा नियम (२०१७ पासून तो एकतिसावा झालाय) तसं सांगतोच: समोरच्या बाजूनं अपील केल्याशिवाय अंपायरनं कुणाला आउट देऊ नये. आणि अपीलही वेळेत हवं, बॉलर पुढच्या बॉलसाठी धावायला लागण्याच्या आत. तो एकदा धावला की मागचा बॉल इतिहासजमा.

त्या वर्षी मी नापास झालो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तर समोर तेच गृहस्थ. या वेळी त्यांनी त्याच नियमातलं एक पोटकलम विचारलं. बॅट्समनला वाटलं आपण आउट झालो आणि तो चालू लागला; पण त्याला कुणी आउट दिलेलं नाही, तो गैरसमजानं निघालाय. तर? हे मी पाठ केलं होतं. "अंपायरनं स्वतः मध्ये पडायचं आणि त्याला परत बोलवायचं," मी खाडकन सांगितलं. "कुणी विचारलं नाही तरी?" "नाही तरी." ते हसले. मी पास झालो. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला तीसेक वर्षं लागली.

आता तो सामना. साल १९८८, उन्हाळ्याची सुट्टी, मॅटिंगची विकेट आणि स्पर्धेची फायनल. एका टीमकडून सावळजच्या बाजूचा एक सतरा वर्षांचा पोरगा बॉलिंग टाकत होता. काटकुळा, पायात दुसऱ्याचे बूट. पण बॉल असा आत आणायचा की बघत राहावं. पहिल्या दोन ओव्हरमध्ये त्यानं तीन अपिलं केली. तिन्ही मी फेटाळली. बॉल लेग स्टंपच्या बाहेर पडत होते, माझा इलाज नव्हता. तिसऱ्या वेळी त्याचा कॅप्टन मिडऑफवरून ओरडला, "ए, उगं बोंबलू नगंस! अंपायर चिडत्यात!" मी चिडलो नव्हतो. पण हेही मला कुणी विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या ओव्हरचा चौथा बॉल उसळला, बॅट्समनच्या ग्लोव्हजला घासला आणि कीपरच्या हातात गेला. सरळ, स्वच्छ, आउट. कीपरला बिचाऱ्याला उसळीतच ते कळलं नाही. त्यानं बॉल स्लिपकडे फेकला. पोरानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग त्यानं मिडऑफकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मी तिकडून बॅट्समनकडे पाहिलं, तर तो माझ्याकडेच पाहत होता. एका क्षणात आमची दोघांची ओळख पटली, खिसेकापू आणि त्याला पाहणारा प्रवासी यांची पटते तशी. पोरगा वळला, चालत मागं गेला आणि धावायला लागला. मी एक बेदाणा उजव्या खिशात टाकला.

तो बॅट्समन तेव्हा नऊवर होता. पुढं त्यानं बासष्ट केले आणि सामना काढला.

बक्षीस समारंभ झाला. मला एक नारळ आणि पाकिटात पंधरा रुपये मिळाले. मी डगला काढत होतो, तेवढ्यात तो पोरगा चहाचा कप घेऊन आला. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सर, येक इचारू का? त्यो मगाचा बॉल ग्लोव्हजला लागलावता का वो?"

आणि मी, एका अतिशय बरोबर माणसाच्या आवाजात म्हणालो, "विचारायला उशीर झाला, बाळ. अपील पुढच्या बॉलच्या आत करायचं असतं."

"व्हय," तो म्हणाला आणि रिकामा कप नेण्यासाठी उभा राहिला.

रात्री मी हे सगळं बायकोला सांगितलं, थोडं कौतुक व्हावं या हेतूनं.

"मग लागला होता की नाही?"

"लागला होता."

"मग त्याला तसं सांगितलं का नाहीत?"

"अगं, नियमानं..."

"मी नियम विचारला नाही," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

आता मी हे सांगतोय त्यावरून तो नियम वाईट आहे असा समज करून घेऊ नका. मी तो पुष्कळ वर्षं पुष्कळ लोकांना शिकवला आणि आजही त्याच्या बाजूनं भांडायला उभा राहीन. खेळ खेळणाऱ्यांचा असतो, बघणाऱ्याचा नव्हे. समोरच्याला आउट मागायचं की नाही, हा खेळणाऱ्यांचा हक्क आहे. मागितलेलं परत करण्याचाही आहे. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंडची निम्मी टीम अठ्ठावन्नात गारद झालेली. बॉब टेलरला अंपायरनं कीपरकडे झेल म्हणून आउट दिलं. आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये होता, त्याला वाटलं की बॅट लागलेली नाही. त्यानं अपील मागं घेतलं, टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं मग १७१ रन जोडले आणि आपण दहा विकेटनी हरलो. हरलेल्या त्या सामन्यातलं आज लोकांना काय आठवतं? विश्वनाथ आठवतो. बोथमनं शतक ठोकून तेरा विकेट काढल्या होत्या, तोसुद्धा त्याच्यानंतर आठवतो.

आणि न विचारता खरं बोलणाऱ्यांचं म्हणाल, तर माझ्या आतेबहिणीचं ठरत आलेलं लग्न अशाच एका सज्जनानं मोडलं. मुलाकडच्यांना त्यांनी आपण होऊन सांगितलं, "मुलीला चष्मा आहे, दाखवायच्या वेळी काढून ठेवतात." चष्मा तिच्या धाकट्या बहिणीला होता. तासगावात खरं बोलणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती, उणीव होती ती नीट बघणाऱ्यांची. तेव्हा अंपायरनं आपण होऊन बोट वर करायचं नाही, हे शहाणपणाचंच आहे. नाहीतर रस्त्यानं जाणारा प्रत्येक शिंपी बोट वर करून हिंडेल.

असं मी म्हणत होतो. १९९३ पर्यंत अगदी निर्धास्तपणे म्हणत होतो.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं लग्न ठरत होतं. देखणा, नोकरीला, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला सगळ्यांच्या आधी वाकणारा. मिरजेकडचे एक गृहस्थ, मुलीचे वडील, चौकशीला आले. साधे, घामेजलेले, छत्री काखेत. त्यांनी किराणावाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, समोरच्या काकूंना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, सोन्यासारखा मुलगा. ते खोटं बोलत नव्हते. गावभर तोंड चालवणाऱ्या आमच्या गल्लीला खरोखरच ठाऊक नव्हतं, कारण तो जे करायचा ते सांगलीत करायचा. ठाऊक होतं ते मला एकट्याला. एकदा रात्री सांगलीच्या स्टँडवरून मी त्याला धरून शेवटच्या एस.टी.त घातला होता. मटक्याची देणी भागवायला तो माझ्याकडे तीनदा येऊन गेला होता.

मी कट्ट्यावर पेपर वाचत बसलो होतो. ते गृहस्थ माझ्यापाशी आले. म्हणाले, "घर कुठलं हो त्यांचं?"

मी सांगितलं, "तिसरं. निळ्या दाराचं. वरची पायरी तुटलीय, जपून जा."

ते आभार मानून गेले. मी पेपर पुन्हा उघडला. स्वच्छ, नियमाला धरून. मुलाबद्दल त्यांनी मला एक शब्द विचारला नव्हता. पायरीबद्दलही विचारला नव्हता, हे मला फार नंतर सुचलं.

दीड वर्षानं ती मुलगी मिरजेला परत गेली. गल्लीत त्यावर पुष्कळ बोलणं झालं, सगळे आपण होऊन बोलले, आम्हांला आधीच वाटत होतं म्हणाले. मी काही बोललो नाही. निदान सातत्य तरी ठेवलं.

पुढं अंपायरच्या परीक्षेला बसणारी मुलं माझ्याकडे यायची, त्यांना मी फुकट शिकवायचो. तो अपिलाचा नियम शिकवताना माझा आवाज जरा खाली यायचा, एवढंच. २०१७ साली नियमांची नवी आवृत्ती आली. एका जुन्या विद्यार्थ्यानं मला तिची प्रत आणून दिली. बदललेले आकडे बघत मी पानं चाळत होतो, तर एकतिसाव्या नियमात तेच पोटकलम भेटलं: गैरसमजानं निघालेल्या बॅट्समनला अंपायरनं मध्ये पडून परत बोलवावं. पुण्याचे ते गृहस्थ आठवले. "कुणी विचारलं नाही तरी?" "नाही तरी." एकाच नियमाच्या पोटात दोन गोष्टी. कुणाला बाद करायचं असेल तर विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पण कुणी नाहक जात असेल, तर विचारण्याची वाट बघायची नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो, की त्या मुलाला आउट देण्याचा प्रश्न होता आणि अपील नव्हतं. मुलगी कुठं चाललीय हे मी बघितलंच नव्हतं. पंधरावीस पोरांना शिकवून पास केलेलं कलम, आणि मी स्वतः सामना उभा राहिला तेव्हा दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवून बसलो. आता मिरजेला जाऊन काय सांगायचं? निर्णय बदलायचा तर तातडीनं बदलावा, असंही नियमांत लिहिलंय.

२०२३ च्या नोव्हेंबरात वर्ल्ड कपचा दिल्लीचा सामना टीव्हीवर चालू होता, श्रीलंका आणि बांगलादेश. अँजेलो मॅथ्यूज खेळायला आला, हेल्मेटचा पट्टा तुटला म्हणून दुसरं मागवत उभा राहिला. शकीब अल हसननं वेळ संपली म्हणून अपील केलं. अंपायरनी त्याला विचारूनही घेतलं, की हे खरंच अपील आहे ना? तो म्हणाला, आहे. मॅथ्यूज एकही बॉल न खेळता परतला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असं पहिल्यांदाच झालं. नातू माझ्यावर उखडला. "आजोबा, अंपायरला कळत नव्हतं का, की त्याचा पट्टा तुटलाय?"

"कळत होतं."

"मग?"

मी त्याला नियम सांगायला तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात त्याची आजी उभी होती. मी तोंड मिटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात धाकट्या भावाचा बेदाणा होता, म्हणून त्याच्याबरोबर मी मार्केट यार्डात सौद्याला गेलो. व्यापाऱ्यांचा कालवा चालू होता. एका बॉक्सपाशी पन्नाशी ओलांडलेला एक काटक माणूस उभा होता. तोच माझ्याजवळ आला. "सर, वळखलं का?"

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. चपला नव्या होत्या, त्याच्याच मापाच्या. तरी ओळखलं. बाग किती, पाऊस किती, मुलगा काय करतो, सगळं विचारून झालं. मग माझ्यानं राहवलं नाही.

"तुला एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "तो फायनलचा बॉल. ग्लोव्हजला लागला होता."

त्याला काही आठवावं लागलं नाही. तो हसला. "मला म्हाईत हुतं की, सर. माझाच बॉल व्हता."

"मग अपील का नाही केलंस?"

"कॅप्टननं बोंबलू नगंस म्हणून सांगितलंवतं."

"आणि माहीत होतं तर नंतर मला कशाला विचारलंस?"

"तुमी सांगताय का बघत हुतो," तो म्हणाला आणि हमालाला पुढचा बॉक्स उघडायला सांगितला.